मजकुराखालचा पत्ता

"ते पत्र लिहिणारी बाई इथंच राहती ना?"

दुकानाच्या पायरीवरून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, आणि काउंटरपाशी अस्तराचे रंग बघत उभ्या असलेल्या ज्ञानेश्वरीच्या काळजाचा ठोकाच चुकला. भर दुपार, गुलमंडीवर ही झुंबड... आणि ही बाई नेमकी तिचीच चौकशी करत होती!

"कोणती बाई, ताई?" दुकानाचा मालक विश्वजीत मोजपट्टी खाली ठेवत म्हणाला.

"आवं, दर शनिवारी फोनवर पत्र धाडती ती! मी वच्छलाबाई, फुलंब्रीची. नात वाचून दाखवती मला. पत्राच्या खाली तुमच्या दुकानाचा पत्ता असतो की. मला वाटलं, तुमच्या घरची सूनच आसंल." त्यांनी पिशवीतून कारळ्याच्या चटणीची बरणी काढून काउंटरवर ठेवली. "तिला द्या. लई हसवती पोरगी."

पत्राच्या खाली पत्ता? ज्ञानेश्वरीच्या हातातलं अस्तर गळून पडलं.

झालं होतं ते असं. विमा कंपनीच्या कचेरीत दिवसभर फायली उपसणारी ज्ञानेश्वरी वर्षभरापासून 'शनिवारची चिठ्ठी' नावाचं पत्र ईमेलनं वाचकांना धाडत होती... टोपणनावानं. पुंडलिकनगरातल्या घरी कुणाला गंधवार्ता नव्हती, आणि नव्हती तेच बरं. कारण तिला बघायला आलेल्या एकेका स्थळाची ती चिठ्ठीत यथेच्छ टर उडवायची. पत्रं धाडणाऱ्या प्लॅटफॉर्मनं नाव नोंदवताना पत्ता मागितला. घरचा द्यावा तर भांडं फुटायची भीती. पर्समध्ये या दुकानाची पावती सापडली, दिला तिच्यावरचा पत्ता ठोकून! तो प्रत्येक पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात छापला जातो, हे बाईसाहेबांच्या गावीही नव्हतं. आपलंच पत्र पार तळापर्यंत कोण वाचतं?

त्यात भर म्हणजे मागच्या महिन्यात तिनं चक्क या दुकानदारावरच लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते आठवलं आणि तिचे कान तापले.

वच्छलाबाई गेल्या. विश्वजीतनं गल्ल्याखालचा खण उघडला. आत टपालानं आलेल्या पाकिटांचा हा एवढा गठ्ठा!

"सगळी त्या बाईंच्या नावाची. एकबी उघडली नाय."

"तुम्ही... जपून ठेवलीत?"

"लोकांनी जीव लावून लिहिलेली. फेकवत नाय."

"राग नाही आला?"

"आला की! कोण हाय ते बघावं म्हणून मीबी नाव नोंदवलं." तो गालात हसला. "आता शनिवारी शटरच्या आधी चिठ्ठी उघडतो."

ज्ञानेश्वरी उगाच पर्स चाचपू लागली. "ती... ती माझी मैत्रीण आहे."

थाप मारावी तर जरा मजबूत तरी! विश्वजीतनं ऑर्डरची वही काढून एक पान उघडलं.

"मग मैत्रिणीला म्हणावं, प्लॅटफॉर्म बदला. मी तीन प्लॅटफॉर्मची चौकशी केलीय."

"तुम्ही?"

"पत्ता माझा हाय, मॅडम! पहिला फुकट हाय, पण उद्या वाचकांनी वर्गणी दिली की त्यात त्याचा हिस्सा. दुसऱ्याचं, वाचक वाढले की भाडं वाढतं. तिसरा दिसायला साधा, पण मराठी अक्षर मोडत नाय, वाचकांची यादी कधीबी उचलून नेता येती, आणि पत्राखाली त्यांच्या कंपनीचाच पत्ता टाकायची सोय हाय. हाच घ्यावा."

"म्हणजे तुमचा पत्ता जाईल."

"व्हय."

"ही पत्रंही यायची थांबतील."

"व्हय..." या वेळी तो 'व्हय' जरा अडखळला. मान खाली घालून तो पडलेलं अस्तर उचलून मोजू लागला. "तुम्हाला अस्तर लई लागतं, नाय? दर शनिवारी एक. ब्लाऊज काय दिसत नायत पण."

"शिवायला टाकलेत," ती घाईघाईनं म्हणाली. घरी कपाटात अस्तराची चळत लागली होती, अजून एकालाही कात्री लागली नव्हती.

"त्या चिठ्ठीतल्या दोन ओळी मला पाठ हायेत." त्यानं मोजपट्टी ठेवली. "'गुलमंडीवरचा एक कापडवाला प्रत्येक बाईला ताई म्हणतो. मला मात्र कधीच म्हणत नाही, आणि देव करो कधी न म्हणो.'" मग त्यानं मान वर केली — सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "मी ताई म्हणत नाय अशी बाई ह्या शहरात एकच हाय, मॅडम."

ज्ञानेश्वरीच्या तोंडचं पाणीच पळालं. अस्तर तिथंच, चटणी तिथंच... ती दुकानाबाहेर पडली ती रिक्षात बसल्यावरच भानावर आली.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं तिसरा प्लॅटफॉर्म उघडला. वाचकांची यादी बिनबोभाट तिकडे गेली. अक्षरंही सुबक उमटली. शेवटी प्रश्न आला : पत्राखाली आमचा पत्ता टाकायचा की तुमचा?

तिचं बोट थबकलं. पत्ता काढायची वाट त्यानंच दाखवली होती. आपण त्याला नकोशा झालो असू का? मग तो 'व्हय' अडखळला का? स्वयंपाकघरातून आई सांगत होती, रविवारी जालन्याचं स्थळ येतंय, जरा नीट बोल त्यांच्याशी. आता गप्प बसलो तर रविवारी पोहे घेऊन भलत्याच माणसासमोर बसायचं, हे तिला लख्ख दिसलं. तिला विश्वजीत हवा होता. इतकी साधी गोष्ट वर्षभर चिठ्ठ्या लिहिणारीला लिहिता आली नव्हती.

तिनं पत्ता लिहिला. मग आईपाशी गेली आणि सगळं सांगून टाकलं. आईच्या हातातली लाटी हातातच राहिली.

शनिवारी सकाळी ती दुकानापाशी पोचली तेव्हा शटर अर्धंच वर होतं. विश्वजीत मोजपट्टी बगलेत धरून फोनमध्ये बघत होता. मजकूर सोडून तो थेट तळाशी गेला... आणि दचकलाच.

"मॅडम! पत्ता तर आपलाच हाय!"

"तिसराच प्लॅटफॉर्म घेतलाय. पत्ता त्यांचाही चालत होता. मी नाही घेतला."

"का पण?"

"वाचकांना खोटा पत्ता देणं बरं नव्हे." आता माघार नव्हती. "म्हणून म्हणते, खराच करून घ्यावा. उद्या आईवडिलांना घेऊन पुंडलिकनगरला या. जालन्याच्या स्थळाला आईनं नाही म्हणून कळवलंय."

मोजपट्टी खाडकन खाली पडली. कापडवाला आ वासून बघतच राहिला.

"उद्या...? उद्याच?"

"हो. माझी चटणीची बरणी आणा. आणि तिथं सगळ्यांसमोर सवयीनं मला ताई म्हणू नका."

विश्वजीतनं उघडं तोंड कसंबसं मिटलं.

"म्हणलोय का कधी... ज्ञानेश्वरी?"