उडी कोण म्हणालं

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. जोरीने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

इंग्लंडमधला कॉर्नवॉलचा किनारा, आमचं पोर्थवेरन गाव. फेब्रुवारीची बारा तारीख, दुपारचे तीन.

बचावबोटीवर बोलावणारा पेजर वाजला तेव्हा जोरी ट्रेगेन्झा पास्टी, म्हणजे आमच्याकडची मटणाची करंजी, खात होता. ती तशीच टाकून तो बोटीच्या शेडकडे धावला.

शेडमध्ये वॉटरप्रूफ सूट टांगायला ज्याची त्याची खुंटी ठरलेली. जोरीच्या शेजारची खुंटी पेरनची, त्याच्या थोरल्या भावाची. पेरन दोन वर्षांपूर्वी समुद्रात गेला. त्याचा जुना पिवळा सूट तिथेच लटकत होता. गेलेल्या माणसाच्या खुंटीला आमच्याकडे कुणी हात लावत नाही.

जोरीने आपला सूट चढवला. सवयीने शेजारी पाहिलं...

पेरनची खुंटी रिकामी होती.

"कुणी काढला रे?"

"आधी बूट घाल, भांडण नंतर," तांडेल मॉरवेना म्हणाली. साठीला टेकलेली ही बाई बोट चालवायची, आणि वादळसुद्धा तिला वचकून असायचं.

बंदराबाहेर पडल्यावर मात्र ती हळू आवाजात म्हणाली, "पोरा, अडकलेली नौका हॅस्लमची आहे."

जोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

याच हॅस्लमला पेरनने बुडत्या नौकेतून ओढून काढलं होतं. सुटका झाल्यावर तो म्हणाला, आत माझा मित्र राहिलाय. पेरन परत आत शिरला आणि नौका त्याला घेऊन तळाला गेली. मित्र नव्हताच. शर्यतीत जिंकलेला चांदीचा चषक आत राहिला होता. चौकशीत हॅस्लम म्हणाला, घाबरून बोलून गेलो. आणि सुटला.

"बोटीच्या पुढच्या टोकाला दुसऱ्याला उभं करते," मॉरवेना म्हणाली.

"मीच राहणार. त्याला जिवंत आणायचंय. मग तोंडावर थुंकेन."

"एकटाच आहे म्हणतो. पण रेडिओवर दोनदा म्हणाला... आतून कुणीतरी दार ठोठावतंय."

आमच्या बोटीचा एक नियम आहे. पुढच्या टोकाला उभा असेल त्यानेच "उडी" म्हणायचं, बाकीच्यांनी तोंडं शिवून घ्यायची. लाटेने आपली बोट वर आली की तो शब्द. क्षणभर चुकलं तर माणूस दोन बोटींच्या मधे.

नौका गाठली. हॅस्लम कठड्याला चिकटून उभा होता. तो जोरीकडे बघतच नव्हता. जोरीच्या डावीकडे बघत होता.

"तो... तो शेजारी कोण आहे?"

जोरीने मान वळवली.

कुणीच नव्हतं.

जोरीच्या कमरपट्ट्याचा आकडा बचावबोटीच्या कठड्यात अडकवलेला होता. त्याला लागून आणखी एक आकडा होता. त्याचा पट्टा ताणलेला...

आणि दुसऱ्या टोकाला काही नाही.

लाट ओसरली. बोट खाली जाऊ लागली. आत्ता नाही, जोरीने मनात म्हटलं.

"उडी!"

हॅस्लमने उडी मारली.

आवाज पेरनचा होता. सख्ख्या भावाचा आवाज कुणी विसरतं का?

दोन्ही बोटी एकमेकींवर आदळल्या. हॅस्लम हाती लागला तो तासाभराने, थंडगार.

शेडमध्ये परतले, तर पेरनचा सूट त्याच्या खुंटीवर होता.

ठिबकत होता...

चौकशीत बोटीवरच्या चौघांनी एकच लिहून दिलं. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही, त्याने आपणहून उडी मारली.

त्या संध्याकाळी मॉरवेनाने जोरीला बाजूला घेतलं.

"तुझ्यासाठी खोटं लिहिलंय आम्ही. आवाज पेरनचा होता, तो मीही ऐकला. पण मी वरून बघत होते, पोरा. तोंड तुझं उघडलं होतं."

जोरीला तोंड उघडल्याचं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तो शब्द कानावर पडला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. तेच त्याला झोपू देत नाही.

आजही पेजर वाजला की तो जातो. पण पुढे उभा राहत नाही, आणि किनारा लागेपर्यंत दात आवळून तोंड मिटून बसतो.