बोरीखालची बाबागाडी

“हात काढ! आधी तिथून हात काढ!”

ज्ञानदा दचकली. तिचे दोन्ही हात बाबागाडीच्या दांडीवर होते. गाडी उभी होती तळघराकडे जाणाऱ्या उताराच्या अगदी तोंडाशी. आणि पहिल्या मजल्यावर राहणारी डेन्मार्कची मेटे अनवाणीच जिना उतरून धावत येत होती.

“मी नाही आणली इथे! मी परत नेत होते!” ज्ञानदा इंग्रजीत ओरडली.

“खरंच!” जिब्रान म्हणाला. “आम्ही दुकानातून लबन, म्हणजे ताक, पिऊन आलो, तर गाडी इथेच होती!”

मेटेने जाळी वर करून पाहिलं. लोकरीची टोपी घातलेला तिचा तान्हा मॅग्नस दुलईत गाढ झोपला होता.

“काल कचऱ्याच्या डब्यांजवळ, आज उतारावर. ज्ञानदा, तुझ्यावर माझा विश्वास होता,” ती म्हणाली आणि गाडी घेऊन निघून गेली.

ओरडली असती तरी चाललं असतं. हे हळू आवाजातलं बोलणं ज्ञानदाला फार लागलं.

नाताळच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी या तिघांनी ही गाडी पाहिली होती. तिघं म्हणजे पुण्याची ज्ञानदा, रत्नागिरीचा जिब्रान आणि त्याची काडीसारखी बारीक बहीण रिदा. आखातातल्या फहाहील गावातल्या त्यांच्या इमारतीच्या आवारात एकच मोठं झाड आहे, बोरीचं. त्याच्याखाली एक अवजड, खोल, काळी गाडी आणि आत एकटं बाळ! बाई बाळाला विसरली, असं वाटून तिघं धापा टाकत तिला सांगायला गेले होते. ती हसायलाच लागली.

“आमच्याकडे बाळं दुपारी बाहेरच झोपतात. थंडीतसुद्धा! आया कॅफेत कॉफी पितात आणि गाड्या बाहेर ओळीने उभ्या असतात.”

“आणि कुणी पळवलं तर?” रिदाने डोळे मोठे केले होते.

“कोण पळवेल?” मेटेला प्रश्नच कळला नव्हता. “त्याच्याजवळ यंत्र असतं, तो जरा कुरकुरला तरी मला वर ऐकू येतं. आणि मला आंटी म्हणू नका. नुसतं मेटे!”

ते काही तिघांना जमलं नाही. तेव्हापासून ती मेटेआंटी झाली, आणि रोज दुपारी गाडी बोरीखाली नेऊन लावायचं काम तिने विश्वासाने ज्ञानदाकडे दिलं. ते काम आता गेलं होतं.

आणि तेवढ्यावर भागलं असतं तर बरं! संध्याकाळी इमारतीच्या ग्रुपवर चंद्रहासकाकांचा मेसेज आला. चंद्रहासकाका म्हणजे इमारतीचे मुख्य, असं फक्त त्यांनाच वाटतं. ‘काही मुले परदेशी शेजाऱ्यांना त्रास देत आहेत. उद्यापासून मुलांना आवारात बंदी.’ खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा ज्ञानदाच्या बाबांचासुद्धा!

“बाबा, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही!”

“अगं, काका मोठे आहेत. काहीतरी पाहिलं असेल म्हणूनच लिहिलं ना?”

“त्यांनी काहीच पाहिलं नाही! ते वर जेवत होते!”

“ज्ञानदा, आवाज खाली.”

मोठ्यांचं हे एक बरं असतं. उत्तर संपलं, की मुलांचा आवाज मोठा होतो! ज्ञानदा पाय आपटत गच्चीवर गेली. जिब्रान आणि रिदा तिथेच तोंड पाडून बसले होते.

“अम्मी म्हणते, जाऊन माफी माग. सॉरी फॉर व्हॉट? नॉट फेअर!” जिब्रान म्हणाला.

“रडत बसू नकोस, डोकं चालव,” ज्ञानदा म्हणाली. तिने कठड्यावरून खाली पाहिलं. बोरीखाली काकांची पांढरी जीप उभी होती. काका तिला रोज कापडाने पुसायचे. ज्ञानदा पाहतच राहिली.

“जिब्रान, आज गाडी उतारावर मिळाली तेव्हा बोरीखाली काय होतं?”

“जीप.”

“आणि काल?”

“जीप... अरे बाप रे!”

“काका दुपारी जेवायला घरी येतात. सावलीची जागा अडलेली दिसली की गाडी ढकलतात बाजूला!”

“पण आत बाळ असतं!” रिदा किंचाळली.

“त्यांना कुठे माहीत? आपल्याकडे कुणी बाळाला एकटं बाहेर झोपवतं का? त्यांना वाटत असेल, रिकामीच आहे!”

आता सगळं सुटलं, असं वाटून तिघं बाबांकडे धावले. बाबांनी लॅपटॉपवरून मानसुद्धा वर केली नाही. “स्वतःवरचं बालंट मोठ्यांवर ढकलायचं नाही,” ते म्हणाले. जिब्रानचे अब्बा महबूबचाचा आपल्या दुकानात “नंतर, नंतर” म्हणत गिऱ्हाइकाला बटाटे मोजून देत राहिले. ज्ञानदाला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

शेवटी तिने मेटेचंच दार वाजवलं. दार जेमतेम फटीएवढं उघडलं.

“उद्या मॅग्नसला वरच ठेवा आणि गाडी खाली द्या. फक्त उद्या. नंतर पुन्हा कधी तुमच्या दारात येणार नाही,” ज्ञानदा एका दमात म्हणाली.

मेटेने दार जरा आणखी उघडलं. मग म्हणाली, “मी खिडकीत उभी राहीन.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथली आठवड्याची सुट्टी, म्हणून बाबा घरीच; काका मात्र जीप घेऊन मासळी आणायला गेले होते. चपला दुरुस्त करून आणायच्या आहेत, अशी थाप मारून ज्ञानदाने त्यांना खाली आणलं आणि खांबामागे ओढलं. “बाबा, फक्त पाच मिनिटं बोलू नका. प्लीज!” महबूबचाचांना जिब्रानने दुकानातून हाताला धरून आणलं होतं. गाडी बोरीखाली होती. दुलई फुगलेली, टोपी डोळ्यांपर्यंत, वर जाळी.

जीप आली! काका उतरले, एका हातात पापलेटची पिशवी, कानाला फोन.

“हां, बोला बोला... आमच्याकडे शिस्त म्हणजे शिस्त! मुलांना मी सरळ बंदीच केली...” बोलता बोलता त्यांनी बुटाने गाडीचा ब्रेक उडवला आणि आत न बघता गाडीला ढुंगणाने असा धक्का दिला, की ती गडगडत उताराकडे निघाली.

बाबा “अरे!” म्हणून पुढे धावले, पण जिब्रान आधीच वाटेत दबा धरून बसला होता. त्याने गाडी धरली मात्र, आतली दुलई उडाली आणि लोकरीच्या टोपीतली रिदा ताडकन उठून बसली.

“चंद्रहासकाका! तुम्ही मला ढकललंत!”

पापलेटं जमिनीवर. फोनही जमिनीवर. काका पांढरेफटक!

“बा... बाळ कुठंय? म्हणजे आत बाळ असतं? मला वाटलं आपला रखवालदार हारिस त्यात धुणं नेतो! बाळाला असं उघड्यावर कोण ठेवतं?”

“आम्ही ठेवतो,” वरून मेटे म्हणाली. मग मॅग्नसला कडेवर घेऊन खाली आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “आमच्याकडे दुसऱ्याच्या गाडीला कुणी हात लावत नाही. इथेही तसंच असेल, असं मी धरून चालले. आणि हात लावला कुणी, हे न बघता मी या मुलीला बोलले.”

काकांनी दोन्ही हात जोडले. मग तिथेच मासळीच्या वासात उभं राहून त्यांनी ग्रुपवर लिहिलं: ‘चूक माझी होती. बंदी रद्द.’ जिब्रानने त्यांच्याकडून ‘मुलांची क्षमा मागतो’ हेही लिहून घेतलं.

“शाबास रे पोरांनो! अख्ख्या इमारतीला सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं,” महबूबचाचा म्हणाले.

“वाघीण आहे माझी!” बाबा ज्ञानदाची पाठ थोपटायला गेले.

ती मागे सरली. “काल कुठे होतात, बाबा?”

बाबांचा हात हवेतच राहिला. “चुकलंच माझं,” ते हळूच म्हणाले. “आधी तुला विचारायला हवं होतं.” मग मात्र ज्ञानदाने पाठ पुढे केली. पण लगेच नाही. जरा वेळाने!

मॅग्नस जांभया देत होता. मेटेने रिदाला खाली उतरवून त्याला गाडीत निजवलं, दुलई सारखी केली आणि दांडी ज्ञानदाच्या हातात दिली. “लाव बोरीखाली,” एवढंच म्हणाली. ज्ञानदा गाडी हळूहळू घेऊन निघाली. झाडाखाली ब्रेक लावून तिने मागे पाहिलं, तर मेटे केव्हाच जिना चढून वर कॉफी प्यायला निघून गेली होती.