पाटापलीकडचे डेंगळे

"चांदपाशाचं बियाणं खोटं हाय! उद्या भर बाजारात सांगतो समद्यांना!"

सुट्टीसाठी पडेगावहून लासूर स्टेशनला मामाच्या घरी आलेल्या बिरू आणि पुतळानं पिशव्या टेकवल्याही नव्हत्या, तोच कडुबामामा गरजला. आता आली का पंचाईत! चांदपाशा म्हणजे त्यांच्या मैत्रिणीचे, रईसाचे अब्बा. घरचं कांद्याचं बियाणं विकूनच त्यांचं घर चालायचं. मामाच्या कांद्याला मात्र डेंगळे आले होते, म्हणजे पातीतून फुलाचे जाड दांडे फुटले होते. असा कांदा ना पोसतो, ना टिकतो. मामानं बाजारात बोभाटा केला, तर चांदपाशांकडं कोण फिरकणार?

रईसा बांधावर भेटली. डोळे रडून लाल, पण बोलणं तिखट. अब्बांचं बियाणं खोटं नाय, चला शेत बघू, म्हणाली.

पाण्याच्या पाटापाशी पुतळा थबकली. पाटाच्या अलीकडं कांदा कसा मस्त पोसलेला, आणि पलीकडं नुसते डेंगळेच डेंगळे. दोन्हीकडं बियाणं तर एकच. ते खोटं असतं तर डेंगळे सगळीकडं दिसले असते. पाट बघून ते थांबतील कशाला?

तिघांनी मंजुळामामीला गाठलं. मामी आधी हसली, मग सगळं सांगून टाकलं. लावणी अर्ध्यावर सोडून मामा वाळूजच्या नव्या कंपनीत नोकरी मागायला गेला आणि तिकडंच रमला. उरलेलं रोप वाफ्यात वाढून जून झालं. परत आल्यावर मामानं तेच लावलं. जून रोपाला डेंगळे येणारच, हे मामी तेव्हाच म्हणाली होती. पण ऐकतंय कोण?

मामाला तोंडावर सांगावं, तर तो आकाशपाताळ एक करणार. पुतळानं शक्कल लढवली. सकाळी बाजाराला निघालेल्या मामाला तिनं कंपनीच्या गप्पांत गुंतवून शेतात आणलं.

"मामा, तुम्ही कंपनीत गेलात, तेव्हा लावणी कुठवर झाली होती?"

"ही बघ, हितवर." मामा ऐटीत पाटावर जाऊन उभा राहिला. त्यानं एकदा अलीकडं बघितलं, एकदा पलीकडं. मग बराच वेळ कान खाजवत राहिला.

बाजारात तो पोरांना घेऊनच गेला. चांदपाशांच्या दुकानापुढं सगळ्यांदेखत म्हणाला, "पाशाभाई, तुमचं बी चोख हाय. म्याच रोप जून करून लावलं. पुढल्या सालीबी बी तुमचंच, आन लावणी येळेवर."

ते ऐकून भोवतीची माणसंही बियाणं सांगून ठेवू लागली. रईसाकडून सगळं कळलेल्या चांदपाशांनी तिन्ही पोरांना जवळ घेतलं.

"डेंगळे तर समद्यांनी पाहिले," ते म्हणाले. "ते कुठं थांबले, ते या पोरांनी पाहिलं."