शेवटची ओळ देवळाची

माईक एकदा लावून बघायचा, आवाज कुठवर जातो त्याचा अंदाज घ्यायचा, आणि संध्याकाळी गाऊन घरी परतायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी सुकेशनी दुपारीच पूर्ण्याहून निघाली. गाडी तिचा नवरा धम्मानंद चालवत होता. जिंतूर मागं पडलं, सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं लागली, तरी सुकेशनी मनात तेच गाणं घोळवत होती.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी सुकेशनीच्या गळ्याचं, थायरॉइडचं, ऑपरेशन झालं. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण वरचा सा गेला. शाळेत संगीत शिकवणारी, जिल्हाभरातून बोलावणी येणारी बाई. आणि त्या एका सुराशी पोचली की तिचा आवाज फाटायचा. तेव्हापासून ती लोकांसमोर गायलीच नव्हती. आज जमलं तर पुढं गायचं, नाही तर पेटी कायमची माळ्यावर टाकायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि खरं सांगायचं तर हे देऊळ तिनं थोडी लबाडी करूनच निवडलं होतं. आठशे वर्षांच्या त्या दगडी देवळात दर हिवाळ्यात गाण्याचा उत्सव होतो. तिथली रीत अशी, की कोणीही गावं, काहीही गावं, पण शेवटची ओळ गायची नाही. ती देवळासाठी सोडायची. गाणारा थांबतो, ऐकणारे डोळे मिटतात, आणि मंडपात घुमणारा सूर पार विरेपर्यंत कोणी डोळे उघडत नाही. सुकेशनीच्या गाण्यात वरचा सा होता तो नेमका शेवटच्या ओळीत. म्हणजे तो न लावताच गाणं पार पडणार, वर रीत पाळली म्हणून कौतुकही होणार. अशी सवलत दुसरीकडं कुठं मिळते?

देऊळ बाहेरून बसकंच दिसलं. चार मैलांवरून दिसणारं शिखरबिखर काही नाही. गाभारा रिकामा, मूर्ती कधीच गेलेली, आणि सुकेशनीला कुठल्या देवापुढं हात जोडायचे नव्हतेच. पण उंबरा ओलांडला आणि तिचं पाऊल आपोआप हळू पडू लागलं. ओल्या दगडाचा, जुन्या तेलाचा, वटवाघळांचा वास आला. मंडपाच्या मधोमध एक मोठा गोल दगड होता, पिढ्यान् पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. गाणाऱ्यानं त्याच्यावरच उभं राहायचं. तिनं वर पाहिलं. छतात दगडाची वर्तुळं एकात एक चढत गेली होती, प्रत्येकावर फुलं, फुलांच्या आत फुलं, आणि सगळ्यांत वरचं वर्तुळ अंधारात बुडालेलं. हे कोणाच्या तरी हातांनी केलं, छिन्नीनं, उताणं पडून. तिचे डोळे भरून आले.

"गाणारीण का तुमी?" मंडप झाडणाऱ्या म्हातारीनं विचारलं. ही बायनाबाई. देवळाची झाडलोट तिच्या सासरी पहिल्यापासून.

"हो, मावशी."

"शेवटची ओळ ठिवायची बरं का, बाई."

"म्हाईत हाय मला."

"म्हाईत समद्यायला ऱ्हातंय. पर त्या दगडावर हुबं ऱ्हायलं की मन लय वढ घेतंय."

"आन् कुणी म्हणलीच तर?"

बायनाबाईचा झाडू थांबला. "माज्या सासूनं सांगितलं न्हाई... म्या इचारलं न्हाई."

माईकवाल्या नागेशनं तारा जोडल्या. सुकेशनीनं खालचे सूर लावून बघितले, ते बरे लागले. नागेशनं खूण केली. काम झालं.

दिवस कलताना लोक जमले. बायका, म्हातारे, जिंतूरचे मास्तर लोक, सगळे फरशीवर दाटीनं बसले. सुकेशनीचं गाणं शेवटचं होतं. धम्मानंद गाडीतच थांबला. तिचा आवाज अडखळताना त्याला ऐकवत नसे. पश्चिमेच्या दारातून तांबूस उजेड आत आला आणि खांब एकेक करून उजळत गेले. सुकेशनी गोल दगडावर उभी राहिली. तळव्यांना गार लागलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी... आवाज फाटला नाही. मग रीतीप्रमाणं ती थांबली.

लोकांनी डोळे मिटले.

सुरुवातीला नुसतं घुमणं होतं. मग त्या घुमण्यात शब्द आले. वर, त्या अंधारातल्या वर्तुळापाशी, कोणीतरी शेवटची ओळ म्हणत होतं. आवाज तिचाच होता. ऑपरेशनच्या आधीचा, भरलेला, न घाबरणारा. तो पायरी पायरीनं चढला आणि वरच्या सा-वर जाऊन असा टेकला, की सुकेशनीच्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे. हरवलेलं माणूस दारात उभं दिसावं, तसं तिला झालं. दोन वर्षं ती ह्याच आवाजासाठी रडली होती.

कोपऱ्यात एकटी बायनाबाई डोळे उघडे ठेवून बसली होती. ती मान हलवत होती... नको, नको.

पण कुठल्या गाणाऱ्याला राहवलं असतं? सुकेशनीनं तोंड उघडलं आणि त्या आवाजात आपला आवाज मिसळला. सा लागला. स्वच्छ, अखंड लागला. दोन्ही आवाजांत फरक उरला नाही. किती वेळ ती तशी उभी होती तिला कळलं नाही. मग तिनं ओठ मिटले, दगडावरून उतरली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. सकाळी सातची शाळा होती. मंडपात सूर अजून घुमत होता आणि लोकांचे डोळे मिटलेले होते.

"आवाज लागला का?" धम्मानंदनं विचारलं.

तिनं मान डोलावली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं त्याचा हात घट्ट धरला, आणि त्यानं दुसऱ्या हातानं गाडी सुरू केली. इतकी सुखी ती त्याला कैक दिवसांत दिसली नव्हती.

जिंतूरच्या स्टँडसमोर चहाला थांबले, तेव्हा तिचा फोन वाजला. नागेश होता. तिच्या हातात गरम चहाचा ग्लास होता म्हणून धम्मानंदनंच फोन उचलून स्पीकर चालू केला.

"म्याडम..." नागेश अगदी दबक्या आवाजात बोलत होता. "आता बास करा की वो. पाऊण तास झाला... अंधार पडलाय. म्या माईक कवाच बंद केलाय, तरी तुमी म्हणायलाव... लोकं डोळं उघडंनात. दगडावर तर कुणीच दिसंना मला... कुठं हाव तुमी?"

त्याच्या बोलण्यामागं वरचा सा ऐकू येत होता. स्वच्छ, अखंड.

धम्मानंदनं फोन तिच्यापुढं धरला. "सांग की त्याला."

सुकेशनीनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर हलली, आणि चहाच्या टपरीवर काहीही ऐकू आलं नाही.

फोनमधला सूर तुटला. नागेशच्या मागून, उंचावरून, तिच्या भरल्या आवाजात शब्द आले:

"नागेश, मी जिंतूरला आलेय..."