फमाऊच्या लेकीचा हिस्सा

फमाऊच्या पत्राला शेबवानांनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘मुलीला कधी सांगू? तुम्ही पुस्तकं वाचलीत,’ एवढंच त्यात होतं. काझींच्या कोर्टातून निवृत्त होऊन ते लामू बेटावरच्या लोकांच्या भानगडी उलगडून देत. पण यात आपण काय सांगणार, असं त्यांना वाटलं. वर्ष गेलं. फमाऊही गेला.

आता त्याचा भाऊ बकारी त्यांच्या ओट्यावर बसला होता.

“मृत्युपत्र पेटीतून गेलंय, उस्ताद. परवा दफनाच्या दिवशी होतं. म्वानाखेरीला तिसरा हिस्सा दिला होता. काझींना कागद हवा. नाहीतर सगळं मला. गाव चोर म्हणेल.”

“सगळं कसं? लेक आहे ना?” शेबवानांचा सोबती कोम्बो याने विचारलं.

“पाळलेली. तीन वर्षांची आणली. वारसा रक्ताचा, तिला मिळेल ते मृत्युपत्रानंच. तिला यातलं काही ठाऊक नाही. कागदात पहिल्याच ओळीत आहे.”

“तिच्याशी बोललास?” शेबवानांनी विचारलं.

“कसा बोलणार? परवा माझ्या खांद्यावर रडली. कालपासून मला पाहिलं की लेसोचा पदर ओढून डोकं झाकते. तीही चोरच समजते.”

“चोराचं तोंड कोण बघेल?” कोम्बो पुटपुटला.

दोघं मशिदीत गेले, तर मृत्युपत्र लिहून देणारे इमाम चिडले. “माझ्याच हातचा कागद मी कशाला चोरू? बकारीखेरीज कुणापाशी बोललो नाही.”

“बकारीच, उस्ताद,” बाहेर येताच कोम्बो म्हणाला.

शेबवानांनी नकारार्थी मान हलवली आणि फमाऊचं घर गाठलं. म्वानाखेरी डोकं झाकून दाराआड उभी होती. बकारी अंगणात होता.

“बेटी, रागावलेली पुतणी तोंड फिरवते,” शेबवाना चाचरत म्हणाले. “डोकं झाकतात ते परक्या पुरुषापुढे. सख्ख्या काकापुढे कोण झाकतं? बकारी परका आहे हे तुला कुणी सांगितलं नाही. ते फक्त त्या कागदात होतं.”

तिने पदर आणखी पुढे ओढला.

“जाळला,” ती म्हणाली. “हिस्सा घ्यायचा तर काझींपुढे म्हणावं लागलं असतं, मी बाबांची नाही. नको मला घर.” मग हळूच, “उस्ताद, बाबांसमोर मी जन्मभर उघड्या डोक्यानं वावरले. ते पाप का?”

शेबवानांनी बकारीकडे पाहिलं.

“हिस्सा मी देतो, पोरी,” म्हणत बकारीने तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

संध्याकाळी शेबवानांनी वर्षापूर्वीच्या त्या पत्राला उत्तर लिहिलं: ‘फमाऊ, लवकर सांग. तुझ्याच तोंडून कळू दे. आणि सांग, बापासमोर लेक वावरली, त्यात पाप नव्हतं.’

पाकिटावर फमाऊचं नाव घातलं. आता त्याची पत्रं म्वानाखेरीच उघडणार. मग चालत जाऊन ते टपालपेटीत टाकलं.