मनकर्णाबाईने दाखवलेली दिल्ली

वडशाचा धनराज दरवर्षी पौषात, धान मळून झालं की, आसपासच्या गावांतली माणसं गोळा करून दिल्ली दाखवायला न्यायचा. बल्लारशाहून गाडी, तिकडे तीन दिवस भाड्याची बस, आणि परत. या माणसांना तो मनातल्या मनात 'माल' म्हणे. लाल किल्ल्यासमोर उभं राहून एवढ्या भिंती सारवते कोण असं विचारणारी, हॉटेलच्या काचेच्या दारापुढे चपला काढणारी माणसं. त्यांना दाखवायचं ते काय आणि कशाला? संसद तो बसच्या खिडकीतूनच दाखवी. इंडिया गेटला दहा मिनिटं. गाईड त्याने कधी केलाच नाही.

"यायले काय समजते," तो ड्रायव्हरला म्हणायचा. "उंच दिसलं का खुश."

यंदा तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की कुतुबमिनार निम्म्यातच संपल्यासारखा दिसत होता. थांबण्याचा धनराजला कंटाळा. त्याने बस एका जुन्या, आडबाजूच्या बावडीपाशी, पायऱ्यांच्या विहिरीपाशी, उभी करवली. जमिनीच्या पोटात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, बाकी काही नाही. अर्ध्या तासात या, असं बजावून त्याने बत्तीस जणांना फाटकातून आत लोटलं आणि स्वतः बसमध्ये चहा घेत बसला.

अर्ध्या तासाने सगळे परतले. चेहरे तृप्त. लाल किल्ल्यावरून येतानाही त्यांच्या तोंडावर असं काही नव्हतं, हे धनराजच्या ध्यानात आलं आणि उगाचच खटकलं. मनकर्णाबाई नावाची साठीची एक शेतकरीण त्याच्या शेजारी थांबली.

"भाऊ, गाईड मोठा मायाळू देल्ला तुमी."

"कोणता गाईड?"

"आपल्याच बोलीत बोले. एकेका पायरीवर थांबे. म्हाताऱ्यायचा हात धरे..."

दिल्लीत झाडीबोली बोलणारा गाईड! धनराज मोठ्याने हसला. हसता हसता त्याची नजर खाली गेली. बाईच्या लुगड्याचा काठ भिजलेला होता. मग त्याने बाकीच्यांचे पाय पाहिले. बत्तीसही जणांचे घोट्यापर्यंत ओले. बसमध्ये शेवाळाचा वास भरला, आणि त्याखाली आणखी एक, बंद देवळात दिवा विझल्यावर राहतो तसा.

तो तरातरा फाटकावरच्या चौकीदाराकडे गेला.  चौकीदार म्हणाला, बावडीत वीस वर्षांत पाणी नाही. तिसऱ्या पायरीनंतर लोखंडी जाळी आहे, कुलूप लावलेली. तुमची माणसं खाली गेलीच नाहीत. जाळीला लागून उभी होती, अर्धा तास, खाली बघत. सगळी एकदमच मान हलवायची. मी हाका मारल्या, एकानेही वळून पाहिलं नाही. तुमची बस घ्या आणि जा.

धनराज जाऊन पाहून आला. कुलूप गंजलेलं होतं. जाळीपलीकडे धुकं पायरी पायरीने खाली उतरलेलं. अडाणी लोकं, कुठल्या तरी नालीत पाय घालून आली असतील, असं पुटपुटत तो परतला. पण बल्लारशाची गाडी सुटेपर्यंत तो कुणाच्या पायांकडे बघेना.

माघ लागला. दुसऱ्या टूरला कुणी नाव देईना. गावोगाव विचारलं, तर एकच उत्तर मिळालं: मनकर्णाबाई इथीच दाखवते दिल्ली, काऊन जाचं एवढ्या दूर? धनराजचं डोकं फिरलं. दारापुढे चपला काढणारी बाई आता गाईड झाली! चारचौघांत तिची जिरवायची म्हणून त्याने दुपारीच मोटारसायकल काढली.

तिच्या गावात शुकशुकाट. दारं उघडी, एका चुलीवर भात रटरटतोय, माणूस एक नाही. गावाबाहेर धानाच्या बांध्या होत्या, कापणी झालेल्या, नुसत्या धसकटांच्या. तिथे त्याला ती रांग दिसली.

पुढे मनकर्णाबाई, मागे सगळं गाव. बाई हळू आवाजात काहीबाही सांगत होती. मध्येच थांबून ती पाय चाचपडत खाली टाकी, आणि मागचेही गुडघे वाकवून तसाच पाय टाकीत. सपाट जमिनीवर! गाडी लावून धनराज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढला. हसू त्याच्या ओठांवर आलं होतं, शिवी तयार होती.

मग त्याला दिसलं, की मागच्या माणसांचे गुडघे दिसत नाहीत. मधल्यांची कंबर दिसत नव्हती. पुढच्यांची नुसती डोकी. आणि त्यांच्या अवतीभवती धसकटं जशीच्या तशी उभी होती, एकही वाकलेलं नाही.

सगळ्यांत पुढचं डोकं वळलं.

"या भाऊ," मनकर्णाबाई समजुतीने म्हणाली. "तुमी तं पाह्यलीच नाई... मी धरतो हात."

"मले नाई पाहाचं काही," धनराज म्हणाला. आवाजात तुच्छता आणायला त्याला पहिल्यांदाच कष्ट पडले. तो वळला आणि मोटारसायकलकडे जाण्यासाठी त्याने धुऱ्यावरून पाय खाली टाकला.

जमीन होती तिथे पाय टेकला नाही. वीतभर आणखी खाली टेकला, गार, गुळगुळीत दगडावर.

संध्याकाळी गाव घरोघरी परतलं, जेवलं. कुणीही कमी नव्हतं. चार दिवसांनी पोलीस आले, तेव्हा मनकर्णाबाईने सरळ सांगितलं, भाऊ अजून पाहूनच राह्यले, त्यायले सावकाश पाहू द्या. पोलिसांनी बांध्या तुडवल्या, एक जागा खणूनही पाहिली. माती लागली.

आठव्या दिवशी धनराजचा धाकटा भाऊ मोटारसायकल न्यायला आला. दवाने सीट भिजलेली, चाकांवर कोळ्यांनी जाळी विणलेली. त्याने सहज इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.