मापात न बसलेली खोली

बावीस वर्षांत आपण किती जणांना नापास केलं, हे लोरेन ग्रीनवुडने कधी मोजलं नव्हतं. गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षक होती ती. शेजारी बसायचं, मांडीवर कागद धरायचा आणि वळण्याआधी आरशात न बघणाऱ्याच्या नावापुढे फुली मारायची. रडणारे रडत, चिडणारे दार आपटून जात, आणि लोरेन पुढच्याचं नाव पुकारी. असल्या बाईला कुणी पंधरा मिनिटं घर बघून सांगावं की बाई, तुमचा अंदाज चुकला, तर ती ऐकून घेईल होय?

घर टॉडमॉर्डन गावात, डोंगरांमधल्या खोऱ्यात, कालव्याच्या अंगाला होतं. गिरण्यांच्या धुराने काळ्या पडलेल्या दगडी घरांची रांग, त्यातलं शेवटून दुसरं. पुढे दोन पायऱ्या, मागे हातभर अंगण, त्याला लागून कालवा. किंमत दोन लाख दहा हजार पौंड ठरली होती. बँकेने मूल्यांकनाला माणूस पाठवला, बॅराक्लफ नावाचा, आणि त्याने घर एक लाख पंच्याऐंशी हजारांचंच ठरवलं. बँक कर्ज देणार ते त्याच आकड्यावर. वरचे पंचवीस हजार लोरेनने कुठून आणायचे, हे बँकेला विचारायचं नसतं.

अहवालात कारणही होतं. झोपायच्या खोल्या: दोन.

लोरेनने तीन पाहिल्या होत्या. तिसरी मागच्या बाजूची, कालव्यावर खिडकी असलेली. ती तिने मनातल्या मनात वडिलांना देऊनही टाकली होती. वॉल्टर एक्क्याऐंशी वर्षांचे. जवळच्याच रॉचडेल शहरातल्या एका तळघरात राहत होते. तिथल्या भिंतींना बारमाही ओल, आणि दोन हिवाळ्यांत दोनदा न्यूमोनिया. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, तिसरा हिवाळा तिथे काढू नका. आणि आता ऑक्टोबर लागला होता.

"मेल्याने वर जाऊन पाहिलंच नसणार," लोरेन फोनवर म्हणाली. "गाडीतूनच घर बघतात हे लोक, डॅड. मी त्याला परत बोलावते. माझ्यासमोर मोज म्हणावं."

"गरिबाला नापास करू नकोस हो पोरी," वॉल्टर म्हणाले आणि खोकू लागले.

बॅराक्लफ आला. पन्नाशीचा, सडपातळ, बूट पुसून आत येणारा माणूस. घरमालकीण मिसेस हॉलरॉइड खाली चहा ठेवत होत्या. लोरेन त्याला घेऊन जिना चढली, दोन दारं ओलांडून तिसरं उघडलं आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पिवळट भिंती, लाकडी जमीन, खिडकीबाहेर एक बदक संथ चाललेलं.

"ही काय मग? कपाट? माझे वडील राहायला येणार आहेत इथे."

बॅराक्लफ उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याने खिशातून लाल किरण टाकून अंतर मोजायचं यंत्र काढलं. लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडायला हवा होता. तो उघड्या दारातच, हवेत थांबला. यंत्राच्या काचेवर शून्य आलं.

"सेल बदला," लोरेन म्हणाली.

"मागच्या वेळी बदलले होते, मॅडम." त्याने यंत्र खिशात घातलं. "मागच्या अंगणातून वर पाहिलंत कधी? खिडक्या मोजल्यात?"

"मी आत उभी आहे. बाहेरून कशाला मोजू?"

"बाहेरून दोन आहेत." तो तिच्याकडे नाही, तिच्या पायांखालच्या फळ्यांकडे बघत होता. "मला दिसतं ते लिहायचं नसतं. मापात बसतं ते लिहायचं. या आता बाहेर."

लोरेनला हसू आलं. माणूस थकलाय आणि यंत्र बिघडलंय, झालं. आणि तिथेच, त्या खोलीत उभ्या उभ्या, तिच्या डोक्यात लखलखीत विचार आला. कशाला भांडायचं? दोन तर दोन. कागदावर दोनच खोल्या असतील तर किंमतही दोनच खोल्यांची द्यायची. तिसरी फुकट पडली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन!

खाली स्वयंपाकघरात तिने तसं बोलूनच टाकलं. बाई घासाघीस करतील, म्हणून चार युक्तिवाद तयार ठेवले होते. एकाचीही गरज पडली नाही.

"एक पंच्याऐंशी द्या," मिसेस हॉलरॉइड म्हणाल्या. "त्यांचं बरोबर आहे. दोनच आहेत."

"आणि तिसरी?"

"ती मी कधी धरलीच नाही." त्यांनी चहात दूध ओतलं. "साखर?"

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, एकावर एक, मूल वाढताना घेतात तशा. नील, वय ५. नील, वय ६. शेवटची नील, वय ७. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ.

"तुमचा मुलगा का?"

"मुलगा?" बाईंनी चौकटीकडे सरळ, निवांत पाहिलं. "मला मूलबाळ नाही. आधीच्या लोकांचं असेल."

जाताना त्यांनी गॅसच्या मीटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्यात दोन सात होते आणि दोन्हींना मधोमध आडवी रेघ. लोरेनने ते पाहिलं. आरशात न बघणाऱ्या शेकडो लोकांना तिने नापास केलं होतं. चिठ्ठी घडी घालून तिने पर्समध्ये टाकली.

नोव्हेंबरात वॉल्टर राहायला आले. एक पेटी कपड्यांची आणि एक कॉर्नेटची. गावच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेलं ते पितळी वाद्य म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याच्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगात ग्रीनवुड लिहिलेलं.

"म्हणजे मी कागदावर नसलेल्या खोलीत राहणार," ते खिडकीशी खुर्ची ओढून म्हणाले. "पोलीस मागे लागले तर सापडायचो नाही."

खोली कोरडी होती. आठ दिवसांत खोकला थांबला. लोरेन एवढी खुश होती की कामावर लागोपाठ तिघांना पास करून आली.

कॉर्नेट मात्र वॉल्टर खाली स्वयंपाकघरात वाजवत, दुपारी चार वाजता, चहाआधी. पेटीही तिथल्याच फळीवर ठेवत.

"वर वाजवा ना, बदकं ऐकतील."

"वर आवाज येत नाही गं. फुंकतो, पण कानाला काही लागत नाही."

"कानांची परीक्षा घ्यायला हवी तुमची."

नाताळच्या आधी तिने जेवणाचं एकच ताट मांडलं. वॉल्टर समोर येऊन बसले, रिकाम्या मेजाकडे पाहिलं.

"मला आज उपास का?"

दोघंही खूप हसली.

जानेवारीत तसं पुन्हा झालं. या वेळी वॉल्टरनी स्वतः उठून ताट घेतलं.

फेब्रुवारीत एकदा ती जिन्याच्या माथ्यावर धुतलेले कपडे घेऊन उभी होती. हातात पुरुषाचा पायजमा होता आणि तो कुठे ठेवायचा ते तिला सुचेना. मग भिंतीतून कुणीतरी म्हणालं, "लोरेन, पोरी, दार उघड ना." तिने दार उघडलं. वॉल्टर खाटेवर बसले होते. चेहरा पांढरा.

"किती वेळ हाका मारतोय," ते म्हणाले.

"खाली रेडिओ चालू होता, डॅड."

त्यांनी तिचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

रेडिओ बंद होता.

कर्जाच्या ठरावीक व्याजदराची मुदत दोन वर्षांची होती. ती संपली तेव्हा लोरेनने दुसरी बँक गाठली, आणि मूल्यांकनाला आला तो पुन्हा बॅराक्लफच. केस पांढरे झालेले. त्याने बूट पुसले.

"या वेळी आपलं भांडण नाही," लोरेन हसत म्हणाली आणि त्याला वर घेऊन गेली. "मोजा. दोन खोल्या. कागदाशी तंतोतंत."

जिन्याच्या माथ्यावर दोन दारं होती. त्यांच्यापुढे गुळगुळीत भिंत. बॅराक्लफ त्या भिंतीसमोर थांबला. लाल ठिपका भिंतीवर पडला, जिथे पडायचा तिथेच.

"तुमचे वडील येणार होते ना राहायला?"

"माझे?" लोरेनने आठवून पाहिलं. "दुसऱ्या कुणाचे असतील. मी एकटीच आहे पहिल्यापासून."

तो खाली आला. चार वाजून गेले होते. स्वयंपाकघरात कागदावर सही घेताना त्याची नजर फळीवरच्या काळ्या पेटीकडे गेली.

"ही कुणाची?"

"आधीच्या लोकांची असेल. टाकायची राहूनच जाते."

"यावर ग्रीनवुड लिहिलंय."

लोरेन मोकळेपणाने हसली. "या खोऱ्यात दगड मारा, ग्रीनवुडलाच लागेल."

बॅराक्लफने पेटी उघडली. पितळ लखलखीत होतं. जिथे ओठ टेकतात त्या कडेवर वाफ धरली होती आणि तिचा एक थेंब होऊन हळूहळू खाली ओघळत होता.

"काय ही ओल," लोरेन म्हणाली. फडक्याने तिने तो थेंब स्वच्छ पुसला आणि झाकण लावलं.